पाच व्होल्ट, तीन तारा

कॉम्प्युटर विकत घेतला की त्याच्याबरोबर वीजपुरवठा येणारच, हे आपण गृहीत धरतो. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आलेल्या रास्पबेरी पायबरोबर तो आला नाही. पस्तीस डॉलरला मिळत होता तो एक उघडा बोर्ड, साधारण क्रेडिट कार्डाएवढा. चार्जर नाही, डबा नाही, पडदा-कीबोर्ड नाही, साठवणीचे कार्डही नाही. या वस्तू घरात कुठे ना कुठे पडलेल्या असतातच, असा त्यामागचा हिशेब होता आणि तो पुष्कळसा बरोबर निघाला. वीज मात्र त्या हिशेबातून निसटली. नव्याने बोर्ड घेतलेला माणूस ज्या तक्रारी घेऊन येतो, त्यांचा माग काढत गेले की वाट फार वेळा चार्जर आणि केबलपाशी येऊन थांबते. म्हणून या प्रकरणात प्रोग्रॅमिंगचा एक शब्दही नाही. बोर्डाला वीज कशी द्यायची, तो जागा झाला हे कसे ओळखायचे आणि त्याच्याशी बोलणे कसे सुरू करायचे, एवढेच पाहायचे आहे. पहिला अर्धा तास इथे नीट गेला, तर पुढचे महिने सुखाचे जातात.

थोडी पार्श्वभूमी. केंब्रिज विद्यापीठात कॉम्प्युटर शास्त्राला प्रवेश मागणाऱ्या मुलांची संख्या घटत होती आणि येणाऱ्यांच्या हाताला यंत्राची सवय उरली नव्हती. पुढे रास्पबेरी पाय घडवणारे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे खटकत होते. १९८०च्या दशकात ब्रिटनमधली मुले केंब्रिजच्याच एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’ चालू करायची आणि पडद्यावर लगेच बेसिक भाषेतली आज्ञा टाइप करू लागायची. नंतरचे घरगुती कॉम्प्युटर महाग झाले आणि झाकणाआड गेले. मुलांना त्यांत हात घालायची परवानगी राहिली नाही. तेव्हा मुलाच्या हाती बिनधास्त देता येईल असे स्वस्त यंत्र हवे, या विचाराने २००९ मध्ये रास्पबेरी पाय फाउंडेशनची नोंदणी झाली. पहिल्या बोर्डांची ‘मॉडेल ए’ आणि ‘मॉडेल बी’ ही नावेही बीबीसी मायक्रोवरूनच आली.

वीजपुरवठ्यासाठी त्यांनी मायक्रो-यूएसबीचे तोंड निवडले. काळ पाहिला तर निवड शहाणपणाची होती. युरोपात सर्व मोबाइलना एकच चार्जर चालावा म्हणून मोठ्या कंपन्यांनी २००९ मध्ये मायक्रो-यूएसबीवर एकमत केले होते. म्हणजे जगभर घरोघरी पाच व्होल्टचा चार्जर पोचणार हे नक्की होते. मग गरीब घरातल्या मुलाला वेगळा वीजपुरवठा कशाला विकत घ्यायला लावायचा? पहिल्या मॉडेल बीला लागत होते ७०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेतीन वॉट. एवढे तर कोणताही बरा चार्जर देईल.

गोम अशी, की मोबाइलचा चार्जर मोबाइल चालवत नाही. तो बॅटरी भरतो आणि मोबाइल बॅटरीवर चालतो. चार्जरचे व्होल्टेज क्षणभर पडले, तर बॅटरी थोडी सावकाश भरेल, इतकेच. मोबाइलला त्याचा पत्ताही लागणार नाही. चार्जर कमजोर वाटला तर मोबाइल स्वतःच कमी करंट ओढतो. रास्पबेरी पायमध्ये बॅटरी नाही. प्रोसेसरला काम लागले की त्याची भूक मिलिसेकंदांत वाढते आणि ती थेट चार्जर आणि केबलने भागवायची असते. तिथे ती भागली नाही, तर मध्ये झेलणारे कुणी नाही.

आता केबलकडे पाहू, कारण खरा चोर बहुधा तीच असते. स्वस्तातल्या पातळ केबलमध्ये विजेच्या तारा २८ गेजच्या असतात, जाडी जेमतेम ०.३२ मिलिमीटर. अशा तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. करंट एका तारेने जातो आणि दुसऱ्या तारेने परत येतो, म्हणून एक मीटर केबलचा रोध धरायचा ०.४२ ओहम. बोर्ड निवांत असताना अर्धा अँपिअर ओढत असेल, तर केबलमध्ये ०.२१ व्होल्ट खर्ची पडतात आणि बोर्डाला ४.७९ व्होल्ट पोचतात. चालून जाते. मग यूएसबीला एखादी डिस्क लावली, व्हिडिओ सुरू केला आणि ओढ दोन अँपिअरवर गेली, की तीच केबल ०.८४ व्होल्ट खाते. बोर्डाच्या तोंडाशी उरतात ४.१६. चार्जरवर छापलेले ‘पाच व्होल्ट, तीन अँपिअर’ खरेच असते. फक्त ते चार्जरच्या तोंडाशी खरे असते. इमारतीत सगळ्यांचे नळ बंद असताना वरच्या मजल्यावरही पाणी जोरात येते आणि सकाळी सात वाजता खालचे नळ सुटले की तिथे करंगळीएवढी धार उरते, तसाच हा प्रकार आहे.

तार जाड केली की रोध झपाट्याने घटतो. २० गेजच्या तारेत तोच हिशेब केला तर दोन अँपिअरला घट येते जेमतेम ०.१३ व्होल्ट. रास्पबेरी पाय कंपनीच्या स्वतःच्या वीजपुरवठ्यात दोन गोष्टी मुद्दाम केलेल्या दिसतात: केबल जाड आहे आणि चार्जरला कायमची जोडलेली आहे, काढता येत नाही. शिवाय त्याचे व्होल्टेज पाच नसून ५.१ आहे. वाटेत जे सांडणार, त्याची तरतूद आधीच. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत केबल घेताना रंग आणि विणकाम बघण्याऐवजी गेज विचारा. विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर अर्ध्या मीटरची घ्या. लांबी अर्धी झाली की घटही अर्धी होते.

व्होल्टेज साधारण ४.६३च्या खाली गेले की बोर्डालाच ते कळते. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचे छोटे चिन्ह चमकते. काही जुन्या मॉडेलांवर लाल दिवा विझतो. प्रोसेसरचा वेग उतरवला जातो. पुष्कळ लोक या चिन्हाकडे दुर्लक्ष करतात, कारण कॉम्प्युटर तर चालूच असतो. पण पुढे जे बिघडते ते विजेसारखे दिसतच नाही. वायफाय अधूनमधून तुटते, तेव्हा राउटरला दोष दिला जातो. यूएसबी डिस्क गायब होऊन परत येते, तेव्हा डिस्क बदलली जाते. कार्डावरच्या फाइली खराब होतात, तेव्हा नवे कार्ड येते. एवढा खर्च झाल्यावरही मूळ केबल जागच्या जागी असते. पडदा नसेल, तरी विचारायची सोय आहे. ‘व्हीसीजेन-सीएमडी’ नावाच्या आज्ञेला ‘गेट-थ्रॉटल्ड’ हा प्रश्न घालायचा. उत्तर शून्य आले तर सुरू झाल्यापासून विजेची कुरकुर नाही. ५०००० असा षोडशमानातला आकडा आला, तर आत्ता ठीक आहे, पण मध्यंतरी व्होल्टेज पडले होते आणि वेगही उतरवावा लागला होता, असा त्याचा अर्थ. बोर्ड झालेली गोष्ट लक्षात ठेवतो, ही मला या आज्ञेतली सगळ्यांत मोलाची बाब वाटते, कारण अशी घट डोळ्यांदेखत क्वचितच होते.

मल्टिमीटर असेल तर मोजूनही पाहता येते, मात्र जपून. बोर्डाच्या कडेला दोन रांगांत मिळून चाळीस पिना असतात. त्यांतल्या २ आणि ४ क्रमांकाच्या पिनांवर पाच व्होल्ट, सहावर ग्राउंड. याच शेजारात धोका आहे. २ च्या बाजूलाच १ क्रमांकाची पिन आहे आणि ती ३.३ व्होल्टची. मल्टिमीटरची टोकदार सळई घसरून या दोघींना एकदम टेकली, तर पाच व्होल्ट ३.३च्या घरात शिरतात आणि बोर्ड जायबंदी होतो. म्हणून सळई थेट टेकवू नये. वीज बंद असताना दोन जंपर वायर पिनांवर बसवाव्यात, त्यांची दुसरी टोके दूर टेबलावर आणावीत आणि तिथे मोजावे. मोजायचे तेही बोर्डाला भरपूर काम लावून. चार्जरच्या बाजूला खोचायचे छोटे यूएसबी मीटर मिळतात, पण ते केबलच्या अलीकडचे व्होल्टेज दाखवतात. केबलने काय खाल्ले ते त्यांना दिसत नाही.

२०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ आला आणि तोंड बदलून यूएसबी-सी झाले. मागणी पाच व्होल्टला तीन अँपिअरवर गेली होती, मायक्रो-यूएसबीच्या आवाक्याबाहेर. या तोंडात विजेखेरीज दोन बारीक संपर्क असतात. त्यांवरचा रोध पाहून चार्जर ठरवतो की समोर कोण आहे आणि वीज सोडायची की नाही. नियम असा, की बोर्डाने दोन्ही संपर्कांवर ५.१ किलो-ओहमचा स्वतंत्र रेझिस्टर लावायचा. पहिल्या आवृत्तीत दोन्ही संपर्क जोडून दोघांना मिळून एकच रेझिस्टर लावला गेला. साध्या केबलने सगळे ठीक चालले, कारण तिच्यातून दोनपैकी एकच संपर्क पुढे जातो. लॅपटॉपबरोबर येणाऱ्या भारी केबलमध्ये मात्र ओळख सांगणारी चिप असते. तिचा रोध आणि बोर्डाचा तो एकुलता रेझिस्टर यांची बेरीज-वजाबाकी अशी झाली, की चार्जरला समोर ऑडिओचा ॲडॅप्टर आहे असे वाटले आणि त्याने वीज सोडलीच नाही. लोकांना कळेना, की स्वस्त चार्जरवर चालणारा बोर्ड महागड्या चार्जरवर मेल्यासारखा का पडतो. कंपनीने चूक मान्य केली आणि पुढच्या आवृत्तीत दोन रेझिस्टर आले.

२०२३च्या रास्पबेरी पाय ५ मध्ये गोंधळाला नवे वळण मिळाले. त्याच्या २७ वॉटच्या वीजपुरवठ्यातून ५.१ व्होल्टला पाच अँपिअर मिळतात. घरातला ६५ वॉटचा लॅपटॉप चार्जर याहून कितीतरी तगडा, तेव्हा तो चालेलच, असे कुणालाही वाटेल. पण लॅपटॉप चार्जर ती ताकद व्होल्टेज वाढवून देतो, नऊ, पंधरा, वीस व्होल्टला. पाच व्होल्टला तो सहसा तीनच अँपिअर देतो, म्हणजे पंधरा वॉट. बोर्ड त्यावर चालू होतो, पण यूएसबीला जोडलेल्या सगळ्या वस्तूंना मिळून ६०० मिलिअँपिअरची मर्यादा घालून घेतो. नीट वीजपुरवठा दिला तर तीच मर्यादा १.६ अँपिअर होते. अंगावरचा वॉटचा आकडा पाहून चार्जर निवडू नये, पाच व्होल्टच्या ओळीत काय लिहिले आहे ते वाचावे.

विजेच्या या चर्चेत एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये रास्पबेरी पाय २ नुकताच आला होता आणि लोक हौसेने त्याचे फोटो काढत होते. झेनॉनच्या फ्लॅशने फोटो काढला की बोर्ड तत्काळ बंद पडे. वीज सांभाळणारी एक चिप, नकाशावर तिचे नाव यू-१६, जवळजवळ उघड्या सिलिकॉनच्या रूपात बोर्डावर बसवलेली होती. सिलिकॉनवर तीव्र प्रकाश पडला की त्यात करंट निर्माण होतो. सौरपॅनेल याच तत्त्वावर चालते. फ्लॅशच्या झोतात ती चिप गोंधळायची आणि प्रोसेसरची वीज तुटायची. उपाय म्हणून लोकांनी तिच्यावर चिकणमातीसारख्या चिकट गोळ्याचा तुकडा दाबून बसवला आणि प्रश्न मिटला. उघड्या बोर्डाशी काम करताना हाही शेजार लक्षात ठेवायचा असतो: प्रकाश, धूळ, टेबलावर पडलेले सोल्डरचे थेंब, बांगडी, अंगठी.

आता कार्ड. बोर्डाची सगळी स्मृती, ऑपरेटिंग सिस्टीमसह, नखाएवढ्या मायक्रो-एसडी कार्डावर राहते. २०२० पासून कंपनीचाच ‘इमेजर’ नावाचा प्रोग्रॅम हे कार्ड भरून देतो आणि भरतानाच वायफायचा पासवर्ड, वापरकर्त्याचे नाव, बोर्डाचे नाव, दुरून आत शिरण्याची मुभा हे सगळे विचारून घेतो. तिथले पान घाईने पुढे ढकलू नका. तिथे देशाचा संकेतही निवडायचा असतो. तो निवडल्याशिवाय काही मॉडेलांचे वायफाय बंदच राहते, कारण कोणत्या देशात कोणत्या लहरी वापरायच्या याचे कायदे वेगळे आहेत. कार्ड भरून झाल्यावर ते विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये परत घातले, तर दोन भाग दिसतात. एक छोटा, ‘बूट’ने सुरू होणाऱ्या नावाचा, तो उघडतो. दुसरा विंडोजला वाचता येत नाही आणि तो विचारतो, ‘फॉरमॅट करायचे का?’ इथे नाही म्हणायचे. हो म्हटले की नुकतीच भरलेली सगळी सिस्टीम गेली.

कार्ड खोचले, पडदा असल्यास तो जोडला, आणि सगळ्यांत शेवटी वीज दिली. हा क्रम जुन्या मॉडेलांत महत्त्वाचा होता, कारण सुरू होतानाच बोर्ड पडदा आहे का ते तपासे आणि नसला तर जुन्या टीव्हीच्या वायरीवर चित्र पाठवू लागे. रास्पबेरी पाय ४ वर पडद्याची दोन तोंडे आहेत. विजेच्या तोंडाशेजारचे पहिले, तिथेच केबल लावावी.

लाल दिवा लागला म्हणजे वीज आली, त्याहून अधिक काही त्यातून सिद्ध होत नाही. पाहायचे ते हिरव्या दिव्याकडे. तो कार्ड वाचले-लिहिले जाताना लुकलुकतो. त्याची लुकलुक अनियमित असते, कधी भराभर, कधी थांबून, आणि ती अनियमितताच चांगली. आत काय चालले आहे तेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या पिढ्यांच्या या बोर्डांत मुख्य प्रोसेसर आधी जागा होत नाही. आधी जागा होतो तो चित्रे हाताळणारा भाग. तो कार्डाच्या छोट्या विभागातून एक लहान फाइल वाचतो, ती दुसरी मोठी फाइल आणते, मग ‘कॉन्फिग’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमधले तुमचे फेरफार वाचले जातात, सिस्टीमचा गाभा स्मृतीत ठेवला जातो आणि मगच मुख्य प्रोसेसरला मोकळे सोडले जाते. कार्डच नसेल, तर मुख्य प्रोसेसर झोपलेलाच राहतो. लाल दिवा तेवतो आणि पडदा काळा. रास्पबेरी पाय ४ पासून ही सुरुवातीची पायरी बोर्डावरच्याच एका चिपमध्ये ठेवली आहे, म्हणून कार्ड नसतानाही तो पडद्यावर माहिती दाखवू शकतो.

काही अडले तर हिरवा दिवा ठरावीक संख्येने लुकलुकतो, थांबतो आणि तेच पुन्हा करतो. चार वेळा म्हणजे सुरुवातीची मोठी फाइल सापडली नाही. सात वेळा म्हणजे गाभा सापडला नाही. दोन्ही बाबतींत कार्ड पुन्हा भरून पाहावे. दिवा मोजण्याइतका धीर ठेवला, तर अंदाज बांधण्यात जाणारी संध्याकाळ वाचते.

बोर्ड जागा झाला. आता त्याच्याशी बोलायचे कसे? पडदा आणि कीबोर्ड हा सरळ मार्ग. पण या बोर्डांचे बरेचसे आयुष्य माळ्यावर, शेतातल्या पंपाच्या खोलीत, राउटरमागे जाते, जिथे पडदा नसतो. तिथे जाळ्यातून शिरायचे, एसएसएच नावाच्या मार्गाने. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी पासवर्ड टिपणारा प्रोग्रॅम बसवला होता. त्या काळच्या टेलनेटमध्ये पासवर्ड उघड्यावर जात असे. तिथल्या तातू यूलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून सगळे बोलणे कुलूपबंद करणारा हा मार्ग लिहिला. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा क्रमांक २१ होता, टेलनेटचा २३. यूलोनेन यांना दोघांचीही जागा घ्यायची होती आणि मधला २२ रिकामा होता. त्यांनी तो मागितला आणि मिळाला. आजही एसएसएचचे दार २२ क्रमांकाचेच आहे.

रास्पबेरी पायमध्ये हे दार सुरुवातीला उघडे असे, आणि वापरकर्ता ‘पाय’, पासवर्ड ‘रास्पबेरी’, हे सगळ्या जगाला ठाऊक. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या विषाणूने असेच ठाऊक पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून रास्पबेरी पायचे एसएसएच मुळात बंद ठेवले जाऊ लागले, आणि एप्रिल २०२२ मध्ये ठरलेले नाव-पासवर्डही काढून टाकण्यात आले. जुनी पुस्तके वाचून ‘पाय’ आणि ‘रास्पबेरी’ टाइप करणाऱ्याला आज बोर्ड आत घेत नाही, ते यामुळे. हा बदल त्रासाचा वाटला तरी मला तो पूर्णपणे योग्य वाटतो.

बोर्ड जाळ्यात आला, पण त्याचा पत्ता काय? राउटर तो वाटतो आणि राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते, तिथे पाहावे. किंवा बोर्डाच्या नावापुढे ‘डॉट लोकल’ लावून हाक मारावी. घरच्या जाळ्यात ही हाक सगळ्यांना ऐकू जाते आणि ज्याचे नाव आहे तो उत्तर देतो. कॉलेजच्या किंवा वसतिगृहाच्या वायफायवर ही युक्ती बरेचदा चालत नाही, कारण तिथे यंत्रांना एकमेकांशी बोलू दिले जात नाही. अशा ठिकाणी फोनचा हॉटस्पॉट कामाला येतो. मात्र रास्पबेरी पाय ३बी आणि झीरो-डब्ल्यू यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी कळतात. हॉटस्पॉट ५ वर असेल, तर त्यांच्या लेखी ते वायफाय अस्तित्वातच नाही.

पहिल्यांदा आत शिरताना तुमचा कॉम्प्युटर एक लांबलचक ठसा दाखवतो आणि विचारतो, समोरच्यावर विश्वास ठेवायचा का? हो म्हटले की तो ठसा जपून ठेवतो. पुढे कार्ड नव्याने भरले की बोर्डाचा ठसा बदलतो आणि मोठ्या अक्षरांत इशारा येतो, की कुणीतरी मध्ये शिरले असावे. कार्ड तुम्हीच भरले असेल तर जुना ठसा पुसून पुढे जावे. भरले नसेल, तर खरोखर थांबावे.

आणि जाळेच जुळले नाही तर? तेव्हा उपयोगी पडतात तीन तारा. हा मार्ग या सगळ्यांत जुना आहे आणि मला सर्वांत प्रिय. लॅपटॉपच्या यूएसबीला लावायचा एक छोटा सीरियल ॲडॅप्टर लागतो, तोही ३.३ व्होल्टचा. पाच व्होल्टचा जोडला तर बोर्डाच्या पिना जळू शकतात. त्यांना तेवढे सोसत नाही. ग्राउंड सहा क्रमांकाच्या पिनेला. आठ क्रमांकाची पिन बोर्डाचे बोलणे बाहेर पाठवते, ती ॲडॅप्टरच्या ऐकणाऱ्या पिनेला. दहा क्रमांकाची ऐकते, ती ॲडॅप्टरच्या बोलणाऱ्या पिनेला. आडव्या-उलट्या जोडणीत चूक झाली तर पडदा रिकामा राहतो, बोर्डाचे सहसा काही बिघडत नाही. ॲडॅप्टरची लाल तार मोकळी सोडावी. बोर्डाला चार्जरची वीज असताना ती जोडली, तर दोन वीजपुरवठे एकमेकांशी भांडतात.

वेग ठेवायचा सेकंदाला १,१५,२०० बिट. एका अक्षराला मागचे-पुढचे धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला साडेअकरा हजार अक्षरे. रास्पबेरी पाय ३ आणि ४ मध्ये ‘कॉन्फिग’ फाइलमध्ये ‘इनेबल-यूआर्ट बरोबर एक’ अशी ओळ घालावी लागते, कारण चांगले सीरियल यंत्र ब्लूटूथकडे गेले आहे आणि उरलेल्याचा वेग प्रोसेसरच्या ठोक्याबरोबर हलतो. ही ओळ तो ठोका स्थिर करते. पाय ५ वर यासाठी तीन पिनांचे वेगळे तोंडच दिले आहे.

वीज दिली की लॅपटॉपवरच्या रिकाम्या काळ्या चौकटीत ओळी धावू लागतात. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर चौकटी कंसात वेळ असते, पहिल्या ओळींवर ०.००००००. मग स्मृती किती सापडली, कार्ड कुठे सापडले, कोणते यंत्र दचकले, हे सगळे आकड्यांसह समोर येते आणि शेवटी नाव विचारणारी ओळ उभी राहते. वायफायचा पासवर्ड चुकीचा लिहिला असेल, तर इथून आत शिरून तो सुधारता येतो.

या तारांबाबत एक सावधगिरी. चार्जर काढला आणि सीरियल तारा तशाच ठेवल्या, तर ॲडॅप्टरच्या बोलणाऱ्या पिनेतून थोडा करंट बोर्डात झिरपत राहतो. कधी लाल दिवा मंद तेवत राहतो, आणि पुन्हा वीज दिल्यावर बोर्ड धड सुरू होत नाही, कारण तो धड बंदच झालेला नसतो. या झिरपणाऱ्या विजेने इतिहासात एकदा मोठे आश्चर्य घडवले आहे. रास्पबेरी पायचा प्रोसेसर ज्या आर्म घराण्यातला आहे, त्यातली पहिली चिप २६ एप्रिल १९८५ रोजी एकॉर्न कंपनीत, केंब्रिजमध्येच, चालू झाली. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे तिचे रचनाकार. चिप किती वीज खाते हे मोजायला फर्बर यांनी ॲमीटर लावला, तर तो शून्य दाखवत होता आणि चिप मात्र काम करत होती. बोर्डातल्या दोषामुळे तिची वीज जोडलीच गेली नव्हती. बाकीच्या पिनांवरून झिरपणाऱ्या करंटवर ती चालत होती. पुढे मोबाइलच्या जगात या घराण्याने जी जागा मिळवली, तिच्या मुळाशी हीच काटकसर आहे. आपल्या टेबलावर मात्र तो झिरपणारा करंट नको. वीज काढताना सीरियलच्या ताराही काढाव्यात.

बंद करण्याविषयी. चार्जर ओढून काढला की बोर्ड बंद होतो, पण कार्डाला ते सोसेल असे नाही. सिस्टीमने लिहायला दिलेली माहिती काही क्षण स्मृतीत थांबलेली असते. शिवाय कार्डाच्या आतही एक छोटा नियंत्रक आपल्या सोयीने माहिती इकडची तिकडे हलवत असतो. नेमकी त्या वेळी वीज गेली, तर ज्या फाइलला आपण हातही लावलेला नाही तीसुद्धा बिघडू शकते. म्हणून आधी बंद करण्याची आज्ञा द्यावी, हिरवा दिवा शांत होऊ द्यावा, मग चार्जर काढावा. भारनियमनाच्या गावात ही शिस्त आपल्या हातात नसते. तिथे चार्ज होता होता वीज देऊ शकेल अशी पॉवर बँक मध्ये ठेवावी, पण आधी बटण बंद-चालू करून पाहावे. पुष्कळ पॉवर बँका वीज जाता-येताना क्षणभर तुटतात आणि तो क्षण बोर्डाला पुरतो. सतत नोंदी करणारे काम असेल, तर नोंदी यूएसबीच्या डिस्कवर लिहाव्यात आणि कार्डावर लिहिणे होता होईल तो टाळावे.

वीज परत आल्यावर आणखी एक गोष्ट तपासायची राहते. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांत घड्याळच नाही. किती वाजले आहेत ते अधूनमधून आणि नीट बंद होताना कार्डावर लिहून ठेवले जाते आणि बोर्ड पुन्हा तिथूनच मोजू लागतो. खरी वेळ तो जाळ्यातून विचारतो. लाइट रात्री दोनला गेली, पहाटे पाचला आली आणि राउटर अजून जागा व्हायचा असेल, तर मधल्या नोंदींवर रात्री दोनच्या आसपासचीच वेळ पडते. सुरक्षित संकेतस्थळांशी बोलणेही अडू शकते, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत या चुकीच्या वेळेशी ताडली जाते. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची छोटी बॅटरी वेगळी विकत घ्यावी लागते. जुन्या बोर्डाला स्वस्तातली घड्याळाची चकती चार पिनांवर बसवता येते. पाऊस, तापमान किंवा पंपाचे तास मोजायला बोर्ड लावणार असाल, तर ती पहिल्याच दिवशी बसवा. चुकीच्या वेळेच्या नोंदी नंतर दुरुस्त करणे फार जिकिरीचे असते.